मोठा 'पी', लहान 'पी': जुन्या इंग्लिश चांदीचं वय काढताना

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चूक झाली असेल तर लगेच कळेल. तुमच्याकडे एक जुनी लाकडी पेटी आली आहे. तिच्यात बारा मोठे चमचे, बारा काटे आणि बारा सुऱ्या आहेत, सोबत एक चहाची किटली. 'सगळं स्टर्लिंग चांदीचं (म्हणजे इंग्लंडमध्ये कायद्याने ठरलेल्या कसाचं), एकाच सेटमधलं' असं तुम्हाला सांगण्यात आलं. चमच्यांच्या मागे चालणारा सिंह, मुकुट घातलेलं मांजरासारखं तोंड, मोठ्या लिपीतला 'पी', उजवीकडे बघणाऱ्या माणसाचं डोकं आणि झिजलेली दोन अक्षरं दिसतात. कुठल्या वर्षी कुठलं अक्षर मारलं ते सांगणाऱ्या तक्त्यात 'पी' शोधल्यावर १८९० साल मिळालं, म्हणून सेट व्हिक्टोरिया राणीच्या काळातला असं तुम्ही धरलं. पण काट्यांवरचे ठसे थोडे वेगळे आहेत, सुऱ्यांच्या पात्यांवर 'स्टेनलेस' लिहिलंय, आणि एक चमचा कशातच बसत नाही. त्यामुळे तुम्ही गोंधळलात.

गोंधळ होणारच, कारण तुम्ही अक्षरापासून सुरुवात केलीत. तक्ता हातात आला की प्रत्येक जण तेच करतो. माझ्या कामात मी अक्षर सगळ्यात शेवटी वाचतो. आधी बाकीच्या ठशांवरून काळाची चौकट आखून घ्यायची आणि मग अक्षराला विचारायचं, 'या चौकटीत तू कुठे बसतोस?' तुमच्याच चमच्यावर हे करून दाखवतो.

लंडनमध्ये वर्षाचं अक्षर १४७८ पासून मारलं जातंय. १९७५ च्या आधी दर वर्षी नवं अक्षर, 'ए'पासून 'यू'पर्यंत, मधला 'जे' वगळून. म्हणजे वीस अक्षरं, वीस वर्षं. वीस वर्षं संपली की पुन्हा 'ए', फक्त लिपीचं वळण आणि भोवतालच्या ढालीचा आकार बदलायचा. त्यामुळे 'पी' हा १७९० मध्ये येतो, १८१०, १८३०, १८५०, १८७०, १८९० मध्ये येतो, आणि पुढे १९१०, १९३०, १९५० मध्येही येतो. नुसता 'पी' मिळाला तर काळ कळत नाही, शक्यतांची एक लांब रांग तेवढी मिळते. मोठ्या साध्या लिपीतला 'पी' म्हटलं तरी १८१०, १८९० आणि १९५० हे तीन उमेदवार उरतातच. तुमच्या तक्त्यात त्यांतला मधला आधी दिसला, आणि तुम्ही तिथेच थांबलात.

आता चौकट आखू. ते मांजराचं तोंड म्हणजे बिबट्याचं मुंडकं, लंडनची खूण. इंग्लंडमध्ये चांदीचा कस कायद्याने ठरला तो १३०० साली, पहिल्या एडवर्डच्या काळात, आणि हे मुंडकं तेव्हापासूनचं आहे. आपल्या कामाची गोष्ट अशी की १८२१ पर्यंत लंडनच्या बिबट्याच्या डोक्यावर मुकुट होता, त्या वर्षापासून तो गेला. तुमच्या चमच्यावर मुकुट आहे. एवढ्यावरच १८९० आणि १९५० दोन्ही बाद झाले.

दुसरी खूण त्या माणसाच्या डोक्याची. चांदीवरचा कर भरल्याची ती पावती होती. हा ठसा १ डिसेंबर १७८४ ला सुरू झाला आणि १८९० मध्ये कर रद्द झाला तेव्हा बंद पडला. म्हणून राजाचं किंवा राणीचं डोकं दिसलं की वस्तू साधारण या एकशेपाच वर्षांतली. डोकं कुठल्या बाजूला बघतंय तेही महत्त्वाचं. व्हिक्टोरिया डावीकडे बघते. तिच्या आधीचे राजे उजवीकडे बघतात, अपवाद फक्त पहिल्या दीड-एक वर्षाचा, तेव्हा तिसऱ्या जॉर्जचं डोकं डावीकडे होतं. तो ठसा ओळखायला सोपा आहे, कारण त्यात डोकं उठावाचं नसून आत खोदल्यासारखं दिसतं. तुमच्या चमच्यावरचं डोकं उजवीकडे बघणारं आणि उठावाचं आहे, म्हणजे तो राजा आहे.

मुकुट म्हणतो १८२१ च्या आधी. डोकं म्हणतं १७८६ च्या नंतर. या पस्तीस वर्षांत 'पी' फक्त दोनदा येतो, १७९० ला लहान लिपीतला आणि १८१० ला मोठ्या लिपीतला. तुमचा मोठा आहे. म्हणजे तुमचे चमचे १८१० चे, तिसऱ्या जॉर्जच्या काळातले, तुम्ही समजत होतात त्याहून ऐंशी वर्षांनी जुने.

नेमकं बोलायचं तर १८१०-११ म्हणा. लंडनचं अक्षर जानेवारीत बदलत नसे. १६६० पासून ते मे महिन्याच्या शेवटी बदलायचं, त्यामुळे एक अक्षर दोन वर्षांत विभागलेलं असतं. सगळीकडे १ जानेवारीला अक्षर बदलायची पद्धत १९७५ पासूनची.

या निष्कर्षावर मी अजून एक तपासणी करतो, आणि ती मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. सुरुवातीच्या काळात मी काही काट्यांची यादी करत होतो. अक्षर लहान 'पी', डोकं उजवीकडे बघणारं, बिबट्याचं मुंडकं इतकं झिजलेलं की मुकुट आहे की नाही ते कळेना. लहान 'पी' १७९० लाही आहे आणि १८३० लाही. मी १८३० लिहून मोकळा झालो. माझ्याहून अनुभवी सहकाऱ्याने ती यादी बघितली, भिंग उचललं आणि मला सिंहाची मान बघायला सांगितली. लंडनचा सिंह १८२१ पर्यंत चालता चालता मान वळवून आपल्याकडे बघतो, त्याचा चेहरा गोल दिसतो. १८२१ पासून तो सरळ पुढे बघतो, आपल्याला त्याच्या तोंडाची एकच बाजू दिसते. माझ्या काट्यांवरचा सिंह आपल्याकडे बघत होता. ते काटे १७९० चे होते. तेव्हापासून बिबट्याच्या मुकुटाबरोबर सिंहाची मान बघितल्याशिवाय मी लंडनचं अक्षर वाचत नाही. तुमच्या चमच्यांवरही बघा. १८१० चे असतील तर सिंहाचा गोल चेहरा तुमच्याकडे वळलेला दिसेल.

हे सगळं लंडनच्या खुणांचं झालं. इतर शहरांच्या कस तपासणाऱ्या कचेऱ्यांची चिन्हं वेगळी आणि अक्षरांची चक्रंही वेगळी. बर्मिंगहॅमचा जहाजाचा नांगर आणि शेफिल्डचा मुकुट दोन्ही १७७३ पासूनचे. शेफिल्डने १९७५ मध्ये मुकुट सोडून गुलाब घेतला. एडिनबराचा किल्ला, चेस्टरची गव्हाच्या तीन पेंढ्या आणि तलवार, न्यूकॅसलचे तीन किल्ले, एक्झिटरचा तीन बुरुजांचा किल्ला, डब्लिनची मुकुटधारी वीणा. बर्मिंगहॅममध्ये चक्र पंचवीस-सव्वीस अक्षरांचं. शेफिल्डने तर १८२४ पर्यंत अक्षरं ओळीने वापरलीच नाहीत, कुठल्याही वर्षी कुठलंही अक्षर. त्यामुळे शहर ठरल्याशिवाय अक्षराला काही अर्थ नाही. यात एक फसवी जागा आहे. बिबट्याचं मुंडकं लंडनबाहेरच्या काही कचेऱ्याही आपल्या खुणेबरोबर मारत असत. मुंडक्याशेजारी किल्ला किंवा पेंढ्या दिसल्या तर ती वस्तू लंडनची नव्हे.

आता तुमचे काटे. तुम्ही लिहिलंत की बिबट्याला मुकुट नाही, डोकं डावीकडे बघतंय आणि अक्षर 'नक्षीदार जुन्या वळणाचं, बहुधा एच'. मुकुट नाही म्हणजे १८२१ नंतरचे. डावीकडे बघणारं उठावाचं डोकं म्हणजे व्हिक्टोरिया, तिचं राज्य १८३७ ला सुरू झालं. तसल्या काळ्याठळक गॉथिक वळणाची मोठी अक्षरं लंडनने १८३६ ते १८५५ या चक्रात वापरली, आणि त्यात 'एच' येतो १८४३ ला. अक्षर खरंच 'एच' आहे का, ते मात्र भिंगातून पुन्हा बघा. गॉथिक वळणात काही अक्षरं एकमेकांसारखी दिसतात, नवख्या डोळ्यांना तर फार. अक्षर दुसरं निघालं तर साल इकडे-तिकडे होईल, चक्र तेच राहील.

म्हणजे चमचे १८१० चे आणि काटे १८४३ चे. यात खोटेपणा काही नाही. खांद्याशी पसरलेला, व्हायोलिनच्या अंगासारखा दांडा तुम्ही वर्णन केलात, त्याला फिडल म्हणतात. ही घडण एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढे कित्येक दशकं चालत राहिली. घरात माणसं वाढली, काही काटे हरवले, कुणाच्या वाटणीत गेले, की त्याच घडणीचे नवे घेतले जायचे. बारा चमचे, बारा काटे, सगळ्यांवर एकच साल आणि एकाच कारागिराचा ठसा, असं मला क्वचितच बघायला मिळालंय. विकणाऱ्याने 'एकच सेट' म्हटलं असेल तर ते बरोबर नाही, पण घराण्याचा वापरातला संच म्हणून हे अगदी स्वाभाविक आहे. काट्यांवर आणि चमच्यांवर एकच कोरीव अक्षर किंवा चिन्ह आहे का ते बघा. असेल तर दोन्ही एकाच घरात होते याचा तो चांगला पुरावा. त्यावरून साल मात्र काढू नका. कोरीव काम केव्हाही होऊ शकतं, पन्नास वर्षांनीही.

काट्यांच्या बाबतीत अजून एक शंका फेडून घ्यायला हवी. जुने काटे जुन्या चमच्यांपेक्षा दुर्मीळ, त्यामुळे खऱ्या चमच्याची वाटी ठोकून, कापून तिचे दाते बनवण्याचा उद्योग खूप झालाय. ठसे खरे असतात, दांडा खरा असतो, काटा खोटा. वाटीचा पत्रा पातळ असतो, म्हणून असे दाते अंगाने बारीक निघतात आणि दाबले की वाकल्यासारखे वाटतात. मूळ काट्यात दात्यांच्या मुळाशी भरपूर जाडी असते. एका काट्याची दुसऱ्याशी तुलना करा. दाते कुठे फुटतात ती जागा बाराही काट्यांवर साधारण सारखी हवी. १८४३ च्या काट्यांत असा उद्योग होण्याची शक्यता मला कमी वाटते, अठराव्या शतकातले असते तर मी जास्त काळजीने बघितलं असतं. पण बघायला दोन मिनिटं लागतात.

बनावट ठशांची दुसरी जात ओतकामाची. खऱ्या चमच्याचा साचा घेऊन त्यातून चांदी ओततात, ठशांसकट. खरा चमचा ठोकून घडवलेला असतो. कारागीर आपला ठसा आधी स्वतः मारायचा, मग कचेरीत बाकीचे ठसे पडायचे. त्यामुळे कारागिराच्या ठशाची जागा प्रत्येक चमच्यावर जराशी निराळी पडते, एखाद्यावर थोडी तिरकी, एखाद्यावर थोडी खाली. सहा चमच्यांवर पाचही ठसे केसाइतकाही फरक न पडता त्याच जागी, तोच ओरखडा सगळ्यांवर, कडा मऊ आणि मधे बारीक छिद्रं, असं दिसलं तर ते सहाही एकाच साच्यातून आलेत. तुमचे बारा चमचे ओळीने उलटे मांडा, तिरप्या उजेडात एक फोटो काढा आणि मोठा करून बघा. जागा थोड्या थोड्या हललेल्या दिसल्या तर निश्चिंत व्हा.

त्या झिजलेल्या दोन अक्षरांबद्दल तुम्ही खूप उत्सुकता दाखवलीत. ती कारागिराची आद्याक्षरं. मला समजतं, नाव कळलं की वस्तू बोलायला लागते. पण इथे सबुरीने घ्या. त्याच आद्याक्षरांचे अनेक कारागीर एकाच शहरात, एकाच काळात असू शकतात. अक्षरांमधला ठिपका, भोवतालच्या चौकटीचा आकार, अक्षराचं वळण हे सगळं नोंदीतल्या ठशाशी जुळल्याशिवाय नाव लावू नये. हेस्टर बेटमन किंवा पॉल स्टॉर यांच्यासारख्या प्रसिद्ध कारागिरांची नावं तर लोक आशेने लावतात. साल आणि शहर आधी पक्कं करा, मग त्या वर्षी तिथे कोण काम करत होतं ते शोधा. उलट्या दिशेने गेलात तर आवडतं नाव सापडेल, खरं नाही.

आता सुऱ्या. पात्यांवर 'स्टेनलेस' असेल तर पाती विसाव्या शतकातली. शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद तयार केलं, त्याआधीची पाती गंजणारीच. पण यावरून मुठी नव्या ठरत नाहीत. जुनी पाती झिजून, गंजून संपली की लोक चांगल्या मुठींना नवी पाती बसवून घ्यायचे. मूठ ही चांदीच्या पातळ पत्र्याच्या दोन अर्ध्या भागांची, मधे झाळून जोडलेली, आत राळ भरलेली. ठसे पातळ पत्र्यावर आणि हाताच्या पकडीत, म्हणून ते सगळ्यात आधी झिजतात. तुमच्या मुठींवर जे काही शिल्लक आहे त्यात सिंह आणि वेगळा मुकुट दिसला तर शेफिल्ड समजा, तिथे मुठींचं काम फार मोठ्या प्रमाणावर व्हायचं. नुसता सिंह आणि कारागिराची अक्षरं असतील तर साल काढणं कठीण, घडणीवरून अंदाज करावा लागेल. हो, या सुऱ्या गरम पाण्यात भिजत ठेवू नका. आतली राळ मऊ होते आणि पातं मुठीतून सुटतं.

किटलीबद्दल वाईट बातमी द्यावी लागतेय. चार छोट्या ढाली, प्रत्येक ढालीत जुन्या वळणाचं एक अक्षर. ती अक्षरं तुम्ही लिहून पाठवलीत, 'ई', 'पी', 'एन', 'एस'. हा हॉलमार्क नाही. निकेल सिल्व्हरवर विजेने चढवलेला चांदीचा मुलामा, असा त्याचा अर्थ. निकेल सिल्व्हर म्हणजे आपण ज्याला जर्मन सिल्व्हर म्हणतो ते, तांबं, जस्त आणि निकेल यांचं मिश्रण. नावात चांदी आहे, धातूत नाही. या मुलाम्याचं पेटंट बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन मंडळींनी १८४० मध्ये घेतलं, म्हणजे किटली त्यानंतरची. अक्षरं मुद्दाम ढालींत आणि गॉथिक वळणात मारायची, लांबून बघणाऱ्याला हॉलमार्क वाटावा म्हणून, ही त्या धंद्याची जुनी रीत. मुलाम्याच्या वस्तूंवर मुकुटाची खूणही मारली जायची, शेफिल्डच्या ठशाशी घोळ होत असे, म्हणून पुढे तिच्यावर बंदी आली. सिंह नसेल तर इंग्लिश स्टर्लिंग नाही, एवढं धरून चाला. अपवाद आहेत. १६९७ ते १७२० या काळात चांदीचा कस वाढवून हजारात ९५८ च्या वर नेला होता, तेव्हा सिंहाच्या जागी बसलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं प्रतीक असलेली स्त्री, असे. स्कॉटलंड आणि आयर्लंडच्या खुणाही निराळ्या. पण 'ई', 'पी', 'एन', 'एस' मारलेल्या किटलीला हे अपवाद लागू होत नाहीत.

मुलाम्याहून जुनी एक जात आहे, ती या किटलीशी गल्लत करू नका. शेफिल्डच्या थॉमस बोलसोव्हरने १७४० च्या दशकाच्या सुरुवातीला तांब्यावर चांदीचा पत्रा उष्णतेने बसवून दोन्ही एकत्र लाटायची युक्ती काढली. तिला शेफिल्ड प्लेट म्हणतात. तिथे झिजलेल्या कडांवर लालसर तांबं डोकावतं. तुमच्या किटलीच्या तोटीवर आणि मुठीवर पिवळट-राखी छटा आहे असं तुम्ही म्हणता, ती निकेल सिल्व्हरची.

तुम्ही लोहचुंबक लावून बघितलात आणि किटलीला चिकटला नाही म्हणून चांदी ठरवलीत. निकेल सिल्व्हरलाही चुंबक चिकटत नाही. त्यापेक्षा चमच्यांसाठी घनतेची परीक्षा करा, ठशांवर शंका आली तर ती फार उपयोगी पडते. दशांश ग्रॅम दाखवणारा वजनकाटा घ्या. चमचा कोरडा तोला, समजा ६२ ग्रॅम भरला. मग काट्यावर पाण्याचं उंच भांडं ठेवून आकडा शून्यावर आणा, चमचा बारीक दोऱ्याने बांधून पूर्ण पाण्यात बुडवा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. काटा जो आकडा दाखवेल त्याने ६२ ला भागा. आकडा ६ आला तर भागाकार १०.३ च्या आसपास, ही स्टर्लिंगची घनता. निकेल सिल्व्हरचा त्याच वजनाचा चमचा ७ ग्रॅमहून जास्त दाखवेल आणि भागाकार ८.७ किंवा त्याहून खाली येईल. पोकळ मुठींच्या सुऱ्यांवर ही परीक्षा चालत नाही, आत राळ असते.

'९२५' हा आकडा कुठेच नाही, म्हणून तुम्ही चिंता केलीत. तो नसणं हीच तुमच्या चमच्यांच्या बाजूची गोष्ट. स्टर्लिंग म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी हे खरं, पण जुन्या इंग्लिश वस्तूंवर ते सांगायचं काम सिंह करतो, १५४४ पासून. ब्रिटनमध्ये आकडा सक्तीचा झाला तो १९९९ मध्ये. त्याआधी तो दिसतो तो प्रामुख्याने १९०४ नंतर बाहेरून आयात झालेल्या वस्तूंवर. तसंच 'स्टर्लिंग' हा शब्द अक्षरांत लिहिलेला असेल तर वस्तू बहुधा अमेरिकन. तिथे इंग्लंडसारखी देशभर सक्तीची कस-तपासणी नव्हती, कारखाने शब्द स्वतः मारत. गोरम या अमेरिकन कारखान्याची खूण तर सिंह, नांगर आणि गॉथिक 'जी' अशी आहे. पहिल्यांदा बघणाऱ्याला हमखास बर्मिंगहॅम वाटतं. तुमच्या पेटीत तसं काही नाही, पण पुढे कधी दिसलं तर आठवा.

पॉलिश आधी करू का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून करू नका. ठशाच्या खाचांत बसलेला काळेपणा हाच तुमचा मदतनीस आहे, त्यामुळे उठाव दिसतो. बुडवून काढायच्या द्रावणात तर मुळीच घालू नका. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ कापड, एवढं पुरे. मग अंधाऱ्या खोलीत टॉर्च अगदी आडवा धरून ठशांचा फोटो काढा, उजेड चारी बाजूंनी फिरवत चार फोटो. वरून पडलेल्या उजेडात न दिसणारा मुकुट आडव्या उजेडात दिसतो. अजून एक सवय लावून घ्या. चमच्याच्या दांड्यावर तोंडाची वाफ सोडा. वाफ विरताना जुनी झाळ किंवा घासून काढलेलं कोरीव काम क्षणभर उमटतं. टोकाशी दांडा अंगठ्याला पातळ लागला तर तिथलं जुनं चिन्ह कुणीतरी पुसलंय.

आणि आता तो न जुळणारा चमचा, ज्याला काढून त्याच्या जागी जुळणारा बारावा शोधावा असं तुम्ही म्हणता. तुम्ही दिलेलं वर्णन मी तीनदा वाचलं. त्याच्यावर राजाचं डोकं नाही. ठसे वरच्या टोकाकडे नसून खाली, वाटीजवळच्या अरुंद भागावर आहेत, ताणल्यासारखे आणि चेपलेले. दांड्याला खांदे नाहीत, टोक वरच्या बाजूला वळलंय, आणि कोरलेलं अक्षर 'चुकून' मागच्या बाजूला आहे.

डोकं नसणं म्हणजे १७८४ च्या आधीचा किंवा १८९० च्या नंतरचा, नुसत्या त्यावरून ठरत नाही. पण ठशांची जागा बोलते. लंडनमध्ये चमच्यांचे ठसे साधारण १७८० पर्यंत वाटीजवळ मारले जायचे. दांडा तिथे अरुंद, ठसा मारल्यावर कारागीर पुन्हा ठोकून आकार सारखा करायचा, म्हणून ते ठसे असे ओढल्यासारखे दिसतात. त्यानंतर ते वर, टोकाकडे सरकले. वर वळलेल्या टोकाची घडण हॅनोव्हेरियन, तिचा बहर अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन चतुर्थांशातला. आणि मागच्या बाजूचं अक्षर चूक नाही. तेव्हा टेबलावर चमचे पालथे मांडत, वाटी खाली आणि पाठ वर, म्हणून घराण्याची खूण पाठीवर कोरत. पुढे टोक खाली वळलेली घडण आली, चमचे उताणे मांडायला लागले आणि खूण पुढच्या बाजूला गेली.

तेव्हा जागा, घडण आणि कोरीव काम तिन्ही एकच सांगतायत. तो चमचा बहुधा १७१० ते १७८० यांच्या दरम्यानचा, तुमच्या पेटीतला सगळ्यात जुना. बिबट्याला मुकुट आहे का, अक्षराच्या ढालीचा खालचा भाग शिल्लक आहे का, वाटीच्या पाठीवर दांड्यापासून उतरलेली निमुळती शीर आहे का, एवढं आडव्या उजेडात बघा. ती शीर असेल तर मी शतकाच्या पूर्वार्धाकडे झुकेन. वाटीची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजलेली असेल तर तेही लिहा. उजव्या हाताने वर्षानुवर्षं वापरलेल्या चमच्याची एकच बाजू झिजते, आणि तशी झीज बनावट चमच्यावर सहसा नसते.

तोवर त्याला पेटीतून काढू नका, आणि घासूही नका.